करार आधी कामगारांना वाचून दाखवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कामगार नेत्याचा विषय निघाला की त्याचे भाषण किती तडाखेबंद होते, संप त्याने किती ताणला, एवढ्यावरच बोलणे होते. मी अनेक वर्षे एका कारखान्यात युनियनचा कमिटी मेंबर होतो. नेता मला कळला तो वाटाघाटी करून बाहेर आल्यावर लोकांना काय सांगतो, काय गाळतो, यावरून.

आमच्या एका करारात पगारवाढीचा आकडा चांगला होता. गेट मीटिंगला तेवढाच जाहीर झाला, टाळ्या पडल्या. उत्पादनाचा कोटा वाढवल्याचे कलम मात्र पुढच्या महिन्यात लोक मशीनवर उभे राहिले तेव्हा कळले. कदाचित ते मान्य करण्यावाचून गत्यंतर नसेलही. आधी सांगितले असते तर कुरकुर करत का होईना, लोकांनी पचवले असते. त्यानंतर त्या नेत्याच्या शब्दावर कोणी विसंबले नाही.

अशा वेळी मला पोलंडमधील ग्दान्स्कचा १९८० सालचा संप आठवतो. क्रेन चालवणाऱ्या अ‍ॅना व्हॅलेंटिनोविच यांना कामावरून काढल्यावर १४ ऑगस्टला जहाजबांधणी कारखाना बंद पडला. दोनच दिवसांत मागण्या मान्य झाल्या आणि तिथले कामगार नेते लेक वालेसा यांनी संप संपल्याचे जाहीर केले. पण पाठिंब्यासाठी काम थांबवलेले इतर छोटे कारखाने आता एकटे पडणार होते. काही बायकांनी घरी निघालेल्या कामगारांना फाटकावरच अडवले. वालेसा यांनी आपला शब्द फिरवला, संप चालू ठेवला. चार लोकांत जाहीर केलेला निर्णय असा मागे घ्यायला छाती लागते. पुढे सरकारशी झालेली बोलणी लाउडस्पीकरवरून आवारातल्या कामगारांना ऐकवली गेली. ३१ ऑगस्टला स्वतंत्र संघटनेचा हक्क मान्य करणारा करार झाला, तेव्हा त्यात काय आहे हे बाहेर उभ्या माणसालाही ठाऊक होते.

आपल्या संघटनांनी निदान एवढे करावे. सहीपूर्वी मसुदा प्रत्येक पाळीत कलमवार वाचावा, कंत्राटी कामगारांनाही बसवून. आणि बोलणीला जाताना दोन तरुणांना सोबत न्यावे, नुसती फाइल धरायला नव्हे, बोलायला. आमचा नेता आजारी पडला तेव्हा बोलणी चार महिने अडून राहिली. आधीच्या बैठकीत काय ठरले होते, हे त्याच्याशिवाय कोणालाच माहीत नव्हते.

आपला,
एक निवृत्त कामगार