आधी गळती थांबव, मग पॉइंट मोज

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. तुझे पत्र मिळाले. तीन आठवडे, चार देश आणि खिशात पाच कार्डे हा तुझा बेत वाचून आनंद झाला आणि थोडी काळजीही वाटली. पाचही कार्डे एका जोडकार्डात, म्हणजे सगळ्यांच्या वतीने चालणाऱ्या एकाच कार्डात, गुंफली आहेत, शिवाय बहुचलनी वॉलेट उघडले आहे, तेव्हा आता खर्च करीन तितके पॉइंट, म्हणजे कार्ड वापरल्याबद्दल बँक देते ते बक्षीसगुण, साठतील, असे तू लिहितोस. हे लिहिताना तू फक्त जमेची बाजू पाहिली आहेस. परदेशात केलेल्या प्रत्येक खर्चाला नावेची बाजूही असते आणि ती बहुधा पॉइंटांपेक्षा मोठी असते. म्हणून हे सविस्तर पत्र.

आधी पॉइंट येतात कुठून ते पाहू, म्हणजे पुढचे समजायला सोपे जाईल. तू कार्ड टेकवतोस तेव्हा दुकानदाराला पूर्ण रक्कम मिळत नाही. त्यातला काही भाग कापला जातो आणि त्या कापलेल्या पैशांतला मोठा हिस्सा, ज्याला इंटरचेंज म्हणतात, तुझे कार्ड देणाऱ्या बँकेकडे जातो. बँक तुला पॉइंट देते ते याच हिश्शातून. युरोपीय संघाने २०१५ च्या नियमाने ग्राहकांच्या डेबिट कार्डांवर हा हिस्सा ०.२ टक्के आणि क्रेडिट कार्डांवर ०.३ टक्के इतका मर्यादित केला. तिथल्या बँकांनी दिलेल्या कार्डांवर पॉइंट इतके तुटपुंजे का असतात, याचे उत्तर या दोन आकड्यांत आहे. एखादे कार्ड याहून कितीतरी जास्त देऊ करत असेल, तर तो पैसा वार्षिक शुल्कातून, उशिरा भरलेल्या बिलावरच्या व्याजातून किंवा परकीय चलनावरच्या आकारातून येत असतो. तेव्हा तो आपल्याच खिशातून तर जात नाही ना, हे पाहणे हा सगळ्या हिशोबाचा पाया आहे.

आता तुझ्या जोडकार्डाकडे वळतो. लंडनच्या कर्व्ह या कंपनीने ही कल्पना लोकप्रिय केली. ॲपमध्ये आपली कार्डे नोंदवायची, बाहेर एकच कार्ड वापरायचे आणि कोणत्या खर्चाचा भार आतल्या कोणत्या कार्डावर टाकायचा ते ॲपमध्ये निवडायचे. खरी गंमत चलनाच्या रूपांतरात आहे. दुकानदार युरो घेतो, जोडकार्ड आपल्या दराने त्याचे रूपांतर करते आणि आतल्या कार्डाकडून तुझ्या घरच्या चलनात रक्कम मागते. जोडकार्डाची कंपनी तुझ्या कार्डाच्याच देशात नोंदलेली असेल, तर तुझ्या बँकेला हा व्यवहार देशांतर्गत दिसतो, ती परकीय चलनाचा आकार लावत नाही आणि पॉइंट मात्र देते. कंपनी दुसऱ्या देशातली असेल, तर काही बँका सीमापार व्यवहाराचे शुल्क तरीही लावतात. तुझ्या पाचही बँकांचे याबाबत काय म्हणणे आहे ते शुल्कपत्रकात वाचल्याशिवाय विमानात बसू नकोस.

एक हजार युरोच्या हॉटेलबिलाचे उदाहरण घे. तुझे आवडते कार्ड दीड टक्का मोलाचे पॉइंट देते आणि परकीय चलनावर तीन टक्के आकारते. ते थेट वापरलेस, तर पंधरा युरोचे पॉइंट आले आणि तीस युरो गेले. बहुचलनी वॉलेटात अर्ध्या टक्क्याने आधीच युरो घेऊन ठेवलेस, तर पॉइंट शून्य, पण गेले फक्त पाच. जोडकार्डावर दरमहाच्या मोफत मर्यादेत, म्हणजे आकार न लावता रूपांतर होते तेवढ्या रकमेत, बसवलेस, तर काहीच गेले नाही आणि पंधरा आले. पण ती मर्यादा संपली आणि जोडकार्डाने पुढच्या रकमेवर दोन टक्के लावले, तर वीस गेले, पंधरा आले, म्हणजे तू वॉलेटाच्याच पातळीवर येऊन बसलास आणि मधली सगळी खटपट वाया गेली. म्हणून मोफत मर्यादा ही सर्वांत मौल्यवान वस्तू समज. ती पहिल्याच आठवड्यात कॉफी आणि बसभाड्यावर उधळू नकोस.

याच उदाहरणाची चौथी वाट तुझ्या पत्रात कुठेच नव्हती, आणि माझ्या मते तीच उत्तम आहे. परकीय चलनावर अजिबात आकार न लावणारे, शिवाय हॉटेल आणि विमानप्रवासावर जास्त पॉइंट देणारे क्रेडिट कार्ड मिळत असेल, तर तेच थेट वापरावे. व्हिसा आणि मास्टरकार्ड यांचे रोजचे दर त्यांच्या संकेतस्थळांवर कोणालाही पाहता येतात आणि ते मध्य-बाजार दराच्या, म्हणजे बाजारातल्या खरेदी आणि विक्रीच्या दरांमधल्या दराच्या, बरेच जवळ असतात. जोडकार्डाची गरज असते ती चांगले पॉइंट देणाऱ्या पण जबर आकार लावणाऱ्या कार्डासाठी. ज्या कार्डाला ती कुबडी नको आहे, त्याला ती देऊ नये.

यामागे सुरक्षिततेचेही कारण आहे. विक्रेता आणि बँक यांच्यामध्ये तिसरा आला की तक्रारीचा धागा तुटू शकतो. ब्रिटनमध्ये १९७४ च्या कन्झ्युमर क्रेडिट ॲक्टच्या ७५ व्या कलमानुसार, १०० पौंडांहून अधिक आणि ३०,००० पौंडांपर्यंतच्या वस्तू वा सेवेसाठी क्रेडिट कार्ड वापरले असेल, तर विक्रेत्याने बुडवल्यास बँकही तितकीच जबाबदार ठरते. मात्र त्यासाठी ग्राहक, बँक आणि विक्रेता हे नाते सरळ असावे लागते. मध्ये जोडकार्ड आले की ते नाते सरळ राहत नाही. अनेक कार्डांसोबत येणारा प्रवास विमाही तिकिटाचे पैसे त्याच कार्डाने भरले असतील तरच लागू होतो. म्हणून विमानाची तिकिटे आणि महिनोन् महिने आधी भरायची मोठी बिले मूळ कार्डानेच भर. तिथे थोडे जास्त गेले तरी चालेल.

आता वॉलेट. वाइज ही वॉलेट देणारी कंपनी २०११ मध्ये ट्रान्सफरवाइज या नावाने सुरू झाली आणि २०२१ मध्ये तिने आजचे नाव घेतले. तशीच रेव्होलुट ही कंपनी २०१५ पासून आहे. अशा वॉलेटात कित्येक चलने शेजारी-शेजारी ठेवता येतात आणि कार्ड टेकवले की त्या देशाचे चलन आपोआप उचलले जाते. पण लक्षात घे, वॉलेट हे पॉइंट कमावण्याचे साधन नाही, गळती थांबवण्याचे आहे. क्रेडिट कार्डावरून वॉलेट भरायचे आणि दोन्हीकडचे पॉइंट घ्यायचे, हा तुझा विचार मी कळकळीने मोडून काढणार आहे. प्रत्येक व्यवहाराला विक्रेत्याच्या प्रकाराचा चार अंकी कोड चिकटतो. उपाहारगृहाचा ५८१२, हॉटेलाचा ७०११, रोख रकमेसारख्या व्यवहारांचा ६०५१. वॉलेटात पैसे भरणे या शेवटच्या किंवा अशाच एखाद्या कोडाखाली गेले, तर बहुतेक बँका पॉइंट देत नाहीत, आणि काही बँका तो रोख उचलीचा व्यवहार मानून त्याच दिवसापासून व्याज लावतात. पॉइंटांसाठी हातचे सोडून पळत्याच्या पाठी लागणे म्हणतात ते हेच. वॉलेट बँक खात्यातूनच भर.

ते केव्हा भरावे, हेही महत्त्वाचे आहे. परकीय चलनाचा घाऊक बाजार न्यूयॉर्कच्या घड्याळानुसार शुक्रवारी संध्याकाळी पाचला मिटतो आणि रविवारी संध्याकाळी पाचला उघडतो. त्या मधल्या काळात दर हलला तर तोटा आपल्याला नको, म्हणून अनेक सेवा शनिवार-रविवारी रूपांतरावर जास्तीचा आकार लावतात. तू शनिवारी सकाळी उतरणार आहेस. गुरुवारीच पहिल्या दोन दिवसांचे चलन घेऊन ठेव. वॉलेटाचा आणखी एक उपयोग म्हणजे परतावा. मागे मी एका हॉटेलाची आगाऊ भरलेली रक्कम साध्या कार्डाने दिली होती. बेत रद्द झाल्यावर हॉटेलाने पूर्ण रक्कम परत केली, पण जाताना एक दर लागला आणि येताना दुसरा, त्यामुळे काहीही विकत न घेता मी चार टक्क्यांनी हलका झालो. वॉलेटातल्या युरोमधून दिले असते, तर तितकेच युरो परत आले असते.

ज्या एका चुकीने मला हे सगळे शिकायला लावले, ती आता सांगतो. रात्री उशिरा एका हॉटेलात पोचलो होतो. स्वागतकक्षातल्या माणसाने यंत्र माझ्याकडे वळवले. पडद्यावर दोन रकमा होत्या. वर आपले चलन, त्यापुढे छोटा ध्वज आणि हिरवे बटण, खाली तिथले चलन आणि राखाडी बटण. ओळखीचे चलन दिसल्याने मला हायसे वाटले आणि मी हिरवे बटण दाबले. सकाळी पावती उजेडात धरली, तेव्हा तळाशी बारीक अक्षरांत विनिमय दर होता आणि त्याखाली ‘ग्राहकाने हा दर स्वतःहून स्वीकारला आहे’ अशा अर्थाचे वाक्य. त्या दिवसाच्या दराशी ताडून पाहिले तेव्हा सुमारे सहा टक्के गेले होते. त्यावर, विक्रेता परदेशी असल्याने, माझ्या बँकेने आपला आकारही लावला. आणि मला सर्वांत जास्त लागले ते पुढचे: माझे कार्ड परकीय चलनातल्या खर्चावर जादा पॉइंट देत असे, पण हा व्यवहार आपल्या चलनात झाल्याने तेही मिळाले नाहीत. एक बटण दाबले आणि तिन्ही बाजूंनी गळती लागली.

याला डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन म्हणतात. जोडकार्ड असो वा वॉलेट, या एका बटणापुढे दोन्ही निष्प्रभ ठरतात, कारण रूपांतर तुझ्या साधनापर्यंत पोचण्याआधीच झालेले असते. युरोपीय संघात एप्रिल २०२० पासून असा दर देऊ करताना तो युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या संदर्भ दरापेक्षा किती टक्के महाग आहे, हे आधी दाखवणे बंधनकारक झाले आहे. तो आकडा पडद्यावर शोध, म्हणजे मन आपोआप घट्ट होईल. दुकानात, हॉटेलात, पैसे काढण्याच्या यंत्रावर, कुठेही विचारले तरी उत्तर एकच: तिथल्याच चलनात.

जोडकार्डाची एक सोय मात्र मला मनापासून आवडते. झालेला खर्च ठरावीक दिवसांच्या आत एका कार्डावरून दुसऱ्यावर हलवता येतो. नव्या कार्डाचा स्वागत बोनस मिळायला ठरलेल्या मुदतीत ठरलेला खर्च करावा लागतो, आणि पॉइंटांची मोठी रास साठते ती रोजच्या टक्क्यांतून नव्हे, या बोनसातून. परतल्यावर खर्च थोडक्यासाठी कमी पडतोय असे दिसले, तर झालेलेच एखादे बिल त्या कार्डावर हलवता येते. त्यासाठी नको असलेली वस्तू घ्यावी लागत नाही.

तरीही सगळा भार एका साधनावर टाकू नकोस. जानेवारी २०१९ मध्ये कर्व्हने अमेरिकन एक्स्प्रेसची कार्डे जोडण्याची सोय सुरू केली आणि अमेरिकन एक्स्प्रेसने ती अवघ्या दोन दिवसांत बंद केली. पुढे जून २०२० मध्ये जर्मनीची वायरकार्ड ही पेमेंट कंपनी कोसळली, ब्रिटनच्या नियामकाने तिच्या तिथल्या उपकंपनीचे व्यवहार थांबवले आणि त्या उपकंपनीच्या आधारावर चालणारी अनेक कार्डे काही दिवस गोठली. त्या दिवसांत प्रवासात असलेल्या माणसाची अवस्था डोळ्यांसमोर आण. दोन वेगळ्या बँकांची, दोन वेगळ्या नेटवर्कची (एक व्हिसाचे, एक मास्टरकार्डचे, अशी) मूळ कार्डे प्लास्टिकच्या रूपात जवळ असू देत, आणि त्यांतले एक क्रेडिट कार्ड असू दे, कारण भाड्याच्या गाडीची अनामत वॉलेटाच्या कार्डावर बरेचदा घेतली जात नाही.

साठलेल्या पॉइंटांचे म्हणशील, तर तेही एक चलनच आहे, फक्त त्याचा दर ठरवणारा बाजार नाही. १९८१ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने आपली माइलांची, म्हणजे विमानप्रवासाबद्दल गुण देण्याची, योजना आणली, तेव्हापासून हा दर कंपनीच ठरवत आली आहे. तिकीट काढताना एक साधा भागाकार कर. रोखीने ४२० युरोचे तिकीट ३०,००० पॉइंट आणि १२० युरो कर-अधिभार भरून मिळत असेल, तर ३०,००० पॉइंटांनी तुझे ३०० युरो वाचवले, म्हणजे पॉइंटामागे एक सेंट. त्याच पॉइंटांचे थेट कॅशबॅक यापेक्षा जास्त मिळत असेल, तर ते घेऊन मोकळा हो. आणि पॉइंट वर्षानुवर्षे साठवून ठेवू नकोस. त्यांवर व्याज मिळत नाही, आणि कंपनीने किती पॉइंटांना काय मिळते याचा तक्ता बदलला की त्यांचे मोल एका रात्रीत उतरते.

निघण्यापूर्वी एक काम कर. जोडकार्डामार्फत पाचही कार्डांवर एकेक छोटा खर्च करून बघ आणि चार दिवसांनी स्टेटमेंट उघड. कुठे पॉइंट पडले, कुठे नाही आणि कुठे आकार लागला ते कळेल. ती पाच पाने आणि जोडकार्डाच्या मोफत मर्यादेचा आकडा मला पाठव. कोणते बिल कोणत्या कार्डावर घालायचे, याची यादी मी तुझ्या मुक्कामांच्या क्रमाने करून देतो. तुझा गुरुवार चुकू नये म्हणून बुधवारपर्यंत हाती देईन.

लोभ आहेच, तो वाढावा.

तुझाच,
जिवलग मित्र