कावड

ती. बाबा आणि ती. आई,
सा. न. वि. वि.

हे फोनवर सांगायला हवं होतं. पण फोनवर मला रडू येतं आणि मग आईच मला समजावत बसते, म्हणून लिहितेय. दोन वर्षांच्या त्या लांबच्या कामाला मी होकार कळवलाय. पुढच्या महिन्यात निघेन. बारा वर्षं ज्यासाठी शिकले तेच हे काम. आत्ता नाही म्हटलं तर पुन्हा कोण विचारणार? शिवाय बाबांचा गुडघा बराच सावरलाय, डॉक्टरही तसं म्हणाले, आणि दर चार महिन्यांनी मी येणारच आहे. बघा, कारणांवर कारणं देत सुटलेय.

गेले आठ दिवस सारखा श्रावणबाळ आठवतोय. झाडूच्या दांड्याला दोन पिशव्या अडकवून, एकीत बाहुली आणि दुसरीत मांजराचं पिल्लू घालून मी घरभर फिरायचे. पिल्लू उडी मारून पळायचं आणि कावड बाहुलीच्या बाजूला कलंडायची. बाबा, तुम्ही येईल-जाईल त्याला सांगायचात, "आमचा श्रावण आहे हा." ते वाक्य आता घशात अडकलंय.

म्हणून ती गोष्ट मुळापासून वाचायला घेतली. वाल्मीकींनी त्या मुलाला नावच दिलेलं नाही, बाबा! खांद्यावर कावडही नाही. अयोध्याकांडात दशरथ मरणाच्या रात्री कौसल्येला ते सगळं सांगतो. अंधारात घागर भरल्याचा आवाज त्याला हत्तीसारखा वाटला आणि त्याने बाण सोडला. नंतर तो पाणी घेऊन म्हाताऱ्यांकडे जातो. पावलं ऐकून आंधळा बाप म्हणतो, बाळा, इतका उशीर का केलास, पाणी आण लवकर, तू पाण्यात खेळत बसलास आणि इथे तुझी आई काळजीत आहे. तिथे मी पुस्तक मिटलं. हे कधी घडलं की नाही, मला माहीत नाही. पण आई, मला उशीर झाला की तू दाराशी कशी उभी राहायचीस, ते त्यात अगदी तसंच्या तसं आहे.

पाली जातकात, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या कथांत, हीच गोष्ट साम नावाच्या मुलाची आहे. अजिंठ्याच्या १० आणि १७ क्रमांकाच्या लेण्यांत ती रंगवलीय. तिथेही राजाच येतो, पण बाप पावलांवरून ओळखतो की ही सामाची चाल नाही, साम पाऊल हळू टाकतो. राजा म्हणतो, यापुढे तुम्हाला मी सांभाळीन. आणि तिथे मुलगा मरत नाही, उठून बसतो. आईबापांना दिसू लागतं. सांगणाऱ्यांनी नाव बदललं, शेवट बदलला, पुढे कोणीतरी कावड आणली. पावलांचा आवाज ऐकत बसलेले आईबाप मात्र कोणीच काढून टाकले नाहीत.

यातल्या एकाही गोष्टीत मुलगी नाही. तरी तुम्ही मला श्रावण केलंत. म्हणजे गोष्ट बदलायला तुम्हीच शिकवलंत मला, बाबा. आता अजून एकदा बदलून द्याल का? राजा आला म्हणून साम नको झाला, असं त्यात कुठेच नाही. माझ्या मनातही तसं काही नाही.

घरी कायम राहायला ताई येणार आहेत. मी त्यांच्याशी तीनदा बोललेय, स्वभावाने शांत आहेत. न्हाणीघरात धरायला दांडी बसेल, रात्रभर बारीक दिवा राहील, बाबांच्या कानाच्या यंत्राच्या जास्तीच्या बॅटऱ्या टीव्हीखालच्या खणात आहेत. आईची मऊ उशी बदललेली नाही, फक्त अभ्रा नवा आहे.

आणि ऐका. बाबा, स्टुलावर चढायचं नाही, माळ्यावरचं काहीही हवं असलं तरी. आई, बीपीची गोळी "बरं वाटतंय" म्हणून सोडायची नाही. पडलात, चक्कर आली, तर त्याच दिवशी मला कळवायचं, "तिला कशाला त्रास" हे आता बंद. रागावू नका, मी ओरडत नाहीये.

ताईंची पावलं जिन्यात जरा जोरात वाजतात, आई, दचकू नकोस. मी येईन तेव्हा बेल वाजवणार नाही.

तुमची,
बाळ