शालूस पत्र : मंजूच्या पोटाबद्दल

प्रिय शालू,

दिवाळीच्या पत्राला उत्तर नाही म्हणून रुसली असशील. भांडण उन्हाळ्यात भेटल्यावर करू. मी ठीक, गुडघा तसाच.

मंजूचं पोट पुन्हा दुखतंय. वजन उतरवायच्या ऑपरेशनला, जठराच्या बायपासला, दीड वर्ष झालं, अडतीस किलो उतरले आणि आता जेवल्यावर डाव्या बरगडीखाली पीळ पडतो, कळ पाठीत जाते, तासाभरात थांबते. रक्त, एक्स-रे, सोनोग्राफी, सगळं नॉर्मल. ‘गॅस आहे, मनाला लावून घेऊ नका’ म्हणून घरी पाठवलं. पण हॉस्टेलच्या त्या रात्रीनंतर तुला नि मलाच ठाऊक, मंजू दुखणं गिळते. तिनं आपणहून ‘दुखतंय’ म्हटलं म्हणजे बरंच दुखत असणार.

मला धास्ती आहे ती आतल्या हर्नियाची. बायपासमध्ये लहान आतडं कापून त्याचं एक टोक वर जठराच्या छोट्या पिशवीला जोडतात. त्यामुळे आतड्यांना धरणाऱ्या पडद्यात फटी तयार होतात. एक खाली आतड्याला आतडं जोडतात त्या जोडापाशी, दुसरी वर नेलेल्या आतड्याच्या मागे. हिला पीटरसनची जागा म्हणतात. टाके घालून बुजवल्या तरी वजनाबरोबर पडद्यातली चरबीही झिजते आणि फट पुन्हा उघडू शकते. आतडं तीत शिरतं, अडकतं, कधी आपोआप सुटतं. सुटल्यावर तपासलं तर काय दिसणार? म्हणून कळ चालू असतानाच कॉन्ट्रास्ट (आतलं ठळक दिसावं म्हणून देतात ते औषध) देऊन सीटी काढायचा, आणि तो बायपासची पोटं नेहमी बघणाऱ्या रेडिओलॉजिस्टनं वाचायला हवा. पडद्यातल्या रक्तवाहिन्या भोवऱ्यासारख्या वळलेल्या दिसल्या तर संशय पक्का. सीटी स्वच्छ आला तरी हर्निया नाहीच असं ठरत नाही. कळा येतच राहिल्या तर लॅप्रोस्कोपी करून, म्हणजे दुर्बिणीनं, आत बघावं लागतं, आणि हे बेरिॲट्रिक सर्जनच, म्हणजे वजनाची ऑपरेशनं करणाराच, ठरवेल. तिला तिकडेच ने. रिक्षावाल्यांशी बोलतेस त्या आवाजात बोललीस तर याच आठवड्यात वेळ मिळेल!

तू म्हणशील, ‘मी तेव्हाच ऑपरेशन नको म्हटलं होतं.’ तो वाद मी अजून सोडलेला नाही. ऑपरेशननंतर तिचं इन्सुलिन सुटलं, हे विसरू नकोस.

तिच्या पर्समधली कॉम्बिफ्लाम आधी काढून घे. तीत आयबुप्रोफेन असतं. अशा गोळ्यांनी जठर-आतड्याच्या जोडावर अल्सर होतो. तंबाखूनंही होतो, म्हणजे सासूबाईंच्या संगतीनं लावते ती मिश्रीही बंद. दुखलंच तर साधं पॅरासिटामॉल. अल्सर एंडोस्कोपीत दिसतो, सोनोग्राफीत नाही, म्हणून तीही करायला सांग. वजन झपाट्यानं उतरलं की पित्ताशयात खडेही होतात. सोनोग्राफीत ते दिसले नाहीत, पण खाल्लेल्या पोटी ते निसटू शकतात, म्हणून ती उपाशीपोटी झाली होती का, एवढं विचार.

एक गोष्ट घरी करून बघ. तिला उताणी झोपव, दुखरी जागा एका बोटानं दाब आणि बोट तसंच ठेवून तिला डोकं-खांदे उचलायला सांग. दुखणं वाढलं तर ते पोटाच्या भिंतीतलं असू शकतं, बहुधा दबलेल्या नसेचं. त्यावर भूल देणाऱ्या औषधाचं इंजेक्शन त्याच जागी देऊन बघतात. कमी झालं तर मूळ आत आहे. एवढ्यावर निदान करू नकोस, फक्त सर्जनला सांग.

वहीत लिहायला लाव: काय खाल्लं, किती मिनिटांनी दुखलं, किती वेळ, उलटी, शौच. गोड खाल्ल्यावर अर्ध्या तासात घाम, धडधड, जुलाब असतील तर ते डम्पिंग, म्हणजे अन्न घाईनं आतड्यात उतरणं, त्याची वाट वेगळी. लोहाच्या गोळीनं बद्धकोष्ठ होतं, तेही लिही. लोह आणि कॅल्शियममध्ये दोन तास हवेत.

आणि कळ थांबेचना, ओकाऱ्या, पोट फुगलेलं, वारा सरत नाही, ताप किंवा छातीत धडधड, यातलं काहीही झालं तर सकाळची वाट बघू नका. डिस्चार्ज कार्ड न्यायचं आणि कॅज्युअल्टीत पहिलं वाक्य ‘बायपास झालंय’. सर्जनला विचारल्याशिवाय नाकातून नळी घालू द्यायची नाही. दिवसेंदिवस उलट्या झाल्या असतील तर ग्लुकोजच्या सलाईनआधी थायमिन (बी-१ जीवनसत्त्व) द्या म्हणावं.

अन्वयची दहावी कशी चाललीय? ओट्याचं काम झालं का? काकूंना नमस्कार.

सीटीचा नुसता रिपोर्ट घेऊ नकोस, सीडी मागून घे आणि मला कुरिअर कर. इथल्या सरांना दाखवते.

तुझी,
विजू