शिया बटरच्या साबणाबद्दल, बंड्यास

नाशिक, मखमलाबाद
डिसेंबर

प्रिय बंड्या,

तुझा निरोप मिळाला. किलोभर शिया बटर (आफ्रिकेतल्या शिया झाडाच्या बियांची चरबी) घेऊन बसला आहेस आणि त्याचा 'शंभर टक्के शियाचा' साबण करायचा म्हणतोस. कर, पण आधी हे वाच. फोनवर सांगितलं असतं तर तू अर्ध्यातच "हो हो, कळलं" म्हणाला असतास.

शंभर टक्क्यांचा नाद सोड. शियाच्या चरबीत बहुतेक भाग स्टिअरिक आणि ओलेइक आम्लांचा. स्टिअरिकने वडी कडक होते, जास्त दिवस टिकते आणि फेस येतो तो मलईसारखा, अंगालगतच राहणारा. मोठा, बुडबुड्यांचा फेस येतो लॉरिक आम्लामुळे. ते खोबरेलात जवळजवळ निम्मं असतं, शियात नसल्यातच जमा. नुसत्या शियाची वडी दगडासारखी होईल आणि वहिनी म्हणतील, "भावजी, हा साबण आहे की खडू?" आपल्याकडे साबणाची किंमत फेसावरच ठरते, त्याला तू-मी काय करणार.

म्हणून माझं प्रमाण असं: शिया ६० टक्के, खोबरेल ३०, एरंडेल १०. एरंडेल फेस धरून ठेवतं. ५०० ग्रॅमच्या घाण्याला शिया ३००, खोबरेल १५० आणि एरंडेल ५० ग्रॅम. याला कॉस्टिक सोडा ७२ ग्रॅमच्या आसपास लागतो, पण पाच टक्के तेल साबण न होता मोकळं ठेवायचं म्हणून ६८.५ ग्रॅमच घे. पाणी त्याच्या दुप्पट, १३७ ग्रॅम. तेलांचं प्रमाण बदललंस तर सोड्याचा हिशेब नव्याने करायचा, कारण खोबरेलाला शियापेक्षा बराच जास्त सोडा लागतो. हे सगळं वजनाने, वाटी-चमच्याने नाही. काटा निदान ग्रॅमचा तरी हवा, दशांशाचा मिळाला तर उत्तम. सोडा नळ साफ करायच्या पुडीतला नको, त्यात काय काय मिसळलेलं असतं.

सोडा पाण्यात घालायचा, पाणी सोड्यात कधीही नाही. मिश्रण एकदम तापतं आणि वाफ घशाला लागते, म्हणून खिडकीपाशी उभा राहा. डोळ्यांना चष्मा, हाताला रबरी मोजे, पोरंबाळं बाहेर. भांडं स्टीलचं किंवा जाड प्लास्टिकचं. अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं अजिबात नको, सोडा ते खातो आणि हायड्रोजन वायू सुटतो. अंगावर उडालंच तर नळाखाली भरपूर पाणी, व्हिनेगर-लिंबू शोधत बसू नको.

आता खरी गंमत, म्हणजे थंडी. निफाडकडे पारा किती उतरतो ते तू बातम्यांत पाहतोसच. अशा दिवसांत शिया भांड्याच्या कडेला लगेच गोठायला लागतं. ब्लेंडर फिरवताना मिश्रण घट्ट झालेलं दिसतं, आपल्याला वाटतं ट्रेस (साबण बनू लागल्यावर मिश्रण दाट होतं ती पायरी) आला, आणि प्रत्यक्षात चरबी नुसती थंड पडलेली असते. साच्यात ओतल्यावर ती सुटते, खाली सोड्याचं पाणी राहतं. म्हणून तेलं पूर्ण वितळवून ४५ ते ५० अंशांवर ठेव, सोड्याचं पाणीही त्याच सुमाराला आण आणि ब्लेंडर थांबून थांबून चालव. शिया जास्त असेल तर खरा ट्रेसही झटकन येतो, त्यामुळे साचा आधीच मांडून ठेव. दुसऱ्या दिवशी जरा मऊ आहे तोवरच वड्या काप. उशीर झाला की कडा तुटतात. मग हवेशीर जागी चार ते सहा आठवडे. शियाच्या वड्यांना मी सहा देतो.

आता तुझा मुद्दा, "शियाने त्वचा मऊ होते." होते, पण कारण वेगळंय रे. सोडा घातला की शियातल्या चरबीचा बहुतेक भाग साबण होऊन जातो. उरतो तो पाच टक्के मोकळा भाग आणि शियात मुळात असलेले, साबण न होणारे घटक. ते शियात इतर तेलांपेक्षा जास्त असतात हे खरं, पण अर्ध्या मिनिटात तेही पाण्याबरोबर वाहून जातात. माझ्या मते फायदा होतो तो शिया आल्यामुळे खोबरेल कमी झाल्याचा. खोबरेलाचा साबण जास्त झाला की कातडी ओढल्यासारखी होते. द्राक्षबागेत कामाला जाणाऱ्या आमच्या गल्लीतल्या बायकांना वड्या दिल्या होत्या. "फेस काही येत नाही, पण हात फुटत नाहीत," म्हणाल्या. आणि टाचांसाठी हवं असेल तर साबण कशाला, रात्री चिमूटभर शियाच चोळ की.

पाण्याचं मात्र बघ. आमची बोअर जड पाण्याची, तिथे शियाचा साबण फेसाऐवजी पांढरा साका धरतो. गंगापूर धरणाचं पाणी असलेल्या ताईकडे तीच वडी छान वागते.

आणि एक. शिया आफ्रिकेतून येतं, घाना, बुर्किना फासो, माली या भागांतून. तिथल्या बायका फळांच्या बिया गोळा करून, भाजून, दळून, पाण्यात मळून चरबी काढतात. १७९५ ते ९७ मध्ये मुंगो पार्क त्या मुलखात फिरला तेव्हा त्याने या झाडाची नोंद केली. हे झाड मोह, चिकू, बकुळ यांच्याच कुळातलं! आपल्या पेठ-सुरगाण्याकडे मोहाच्या बियांचं तेल निघतं, तेही थंडीत गोठतं आणि साबणाला पूर्वीपासून वापरतात. वास उग्र, पण स्वस्त आणि घरचं. शियातला काही भाग काढून ते घालून पाहण्याचा माझा विचार आहे. त्याला सोडा थोडा जास्त लागेल, हिशेब करून कळवतो.

विकायचा विचार असेल तर परवाना लागतो, अंघोळीचा साबण सौंदर्यप्रसाधनांच्या नियमांत बसतो. घरी वापरायला काही अडचण नाही.

पहिला घाणा ५०० ग्रॅमचाच कर, उगाच किलोभर एकदम ओतू नकोस. शिया पिवळसर, धुरकट वासाचं आहे की पांढरं, बिनवासाचं, तेवढं कळव. पिवळसर असेल तर वर अत्तर ओतू नको, तो वास फारसा दबत नाही. पुढच्या महिन्यात मी सांगलीला येतो आहे, तेव्हा तुझी एक वडी बाजूला ठेव.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
दत्ता