बाबा, फोनवर राहिलेलं उत्तर

मंगळवार पेठ, कोल्हापूर

तीर्थरूप बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "तुझ्या रोबोटमुळं किती जणांचं काम गेलं?" मी विषय बदलला. तेव्हापासून चैन नाही, म्हणून लिहायला बसले.

शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत आम्ही फेटलिंगला रोबोट बसवला. साच्यात ओतून काढलेल्या कास्टिंगच्या कडा घासायचं तेच काम, जे तुम्ही तीस वर्षं केलंत. दोन पाळ्यांत मिळून सहा माणसं होती. तिघं रोबोट चालवायला शिकली, दोघं तपासणीला गेली. सहावे काका परत आलेच नाहीत. दोनदा त्यांच्या घरी जाऊन आले, तरी मन खातं. पण त्या कोपऱ्यात आता तोंडाला फडकं बांधून धुळीत कुणी उभं नसतं, हेही तितकंच खरं. आई, बाबांचा रात्रीचा खोकला तू ऐकलायस. मीही भिंतीपलीकडून ऐकत मोठी झाले.

पहिला औद्योगिक रोबोट 1961 साली अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या जनरल मोटर्सच्या कारखान्यात कामाला लागला, तो धातूच्या साच्यातून निघालेली तापलेली डायकास्टिंग उचलायला. म्हणजे सुरुवातच हात भाजणाऱ्या कामापासून झाली. कॉलेजवर पहिल्या तासाला मी हेच सांगते.

शिकवायचं सोडून पूर्णवेळ कंपनीतच जा, असं आई म्हणते. नाही सोडवत गं. उद्या कुठल्या कामाला रोबोट लावायचा आणि तिथल्या माणसांचं काय करायचं, हे हीच मुलं ठरवणार आहेत.

गेल्या आठवड्यात त्यांना टीच पेंडंट, म्हणजे रोबोट चालवायचा हातातला रिमोट, हातात दिला. रोबोटला हालचाल शिकवायची ती या पेंडंटवरून. तेव्हा त्याचा वेग सेकंदाला 250 मिलिमीटरच्या आतच ठेवतात. पेंडंटला एक बटण असतं. ते अर्ध्यावर दाबून धरलं तरच रोबोट हलतो. सोडलं की थांबतो, आणि घट्ट आवळलं तरीही थांबतो. एका मुलानं विचारलं, "मॅडम, आवळल्यावर का?" मी म्हटलं, दचकलेला माणूस एकतर हात सोडतो, नाहीतर मूठ आवळतो. सांगताना बाबा, तुमचा डावा अंगठा डोळ्यांपुढं आला. तुमचीही मूठ त्या दिवशी आवळली गेली होती. ग्राइंडर फिरतच राहिला.

मुलांना तो अंगठा कसा गेला ते मी सांगितलं. वर्ग एकदम गप्प झाला. तुम्हाला विचारायला हवं होतं आधी, रागावू नका.

आणखी एक मागणं आहे. हातोडीनं ठोकून नुसत्या आवाजावरून कास्टिंगमधली चीर तुम्ही ओळखायचात. ते मला शिकवता येत नाही, कारण मलाच येत नाही. दिवाळीनंतर दादाकडून इकडं आलात, की एक तास माझ्या वर्गावर याल? चांगली आणि चिरलेली, दोन्ही कास्टिंग मी आणून ठेवते.

आई, ती लहान हातोडी माळ्यावर पितळी डब्यांच्या मागंच आहे ना?

तुमची,
धाकटी