तोरण्याच्या धारेवरची तामलवाडी

सोलापूर,
कोजागरीनंतरचा मंगळवार

प्रिय मित्रा,

आज सकाळी जिना उलट्या तोंडानं उतरलो. कठडा धरून, एकेक पायरी. आई खालून बघत होती. म्हणाली, "असलं कसलं रे पळणं, की माणसाला चालताच येईना?" तिला द्यायला मला काही उत्तर सुचलं नाही, म्हणून तुला लिहायला बसलो.

शुक्रवारी रात्री चौघं निघालो. डॉक्टर, मास्तर, बारक्या आणि मी. कोजागरीच्या चांदण्यात आपलं अर्धं गाव तुळजापूरच्या वाटेला लागलेलं आणि आम्ही गाडीत बसून उलट्या दिशेला, पुण्याकडं. आईनं ते बोलून दाखवलंच. शनिवारी कात्रज ते सिंहगड, रविवारी राजगड ते तोरणा असा बेत होता. आपला सराव कुठला, तर कंबर तलाव, विजापूर रोड, फार तर हिप्परगा. सगळं ताटासारखं सपाट. अरे, आपल्या गावचा किल्लासुद्धा भुईकोट! तुळजापूरचा घाट तीनदा चढलो, तेवढ्या भांडवलावर सह्याद्रीच्या अंगावर गेलो बघ.

शनिवारचं फार सांगत नाही. कात्रजच्या जुन्या बोगद्यावरच्या वाघजाईच्या देवळापासून निघायचं आणि टेकड्या मोजत सिंहगड गाठायचा. लोक तेरा म्हणतात, बारक्यानं सतरा मोजल्या, मी सहावीनंतर सोडून दिलं. एक मात्र तिथं कळलं, की चढावर कुणीच पळत नाही. हात गुडघ्यावर टेकून, वाकून, मुकाट चालायचं. पळायचं ते सपाटीला आणि उतारावर. आणि उताराला माझे रस्त्यावरचे गुळगुळीत बूट वाळल्या गवतावरून असे सटकले, की एक अख्खी टेकडी मी बसूनच उतरलो.

रविवारी पहाटे पाचला गुंजवण्यातून सुटलो. चंद्र पश्चिमेला होता, बॅटरी लावायचीही गरज पडेना. चोर दरवाजानं पद्मावती माचीवर पोचलो तेव्हा उजाडत होतं. खाली भाटघरच्या पाण्यावर धुकं साचलेलं, आणि पश्चिमेला तोरणा. एवढा जवळ, की हात लांबवला तर लागेल. मास्तरांना धाप लागली की ते इतिहास सांगतात. आधी तोरणा घेतला, मग मुरुंबदेवाच्या डोंगरावर राजगड उभा केला, तोरण्यावर सापडलेलं धन इथं लागलं म्हणतात, असं सगळं. आम्हीही मन लावून ऐकत होतो, तेवढीच विश्रांती.

संजीवनी माचीच्या अळू दरवाजातून खाली उतरलं की धार सुरू होते. कुठं चार हात रुंद, कुठं एक पाऊल, दोन्ही बाजूंना दरी. गवत कमरेएवढं, वाळून सोनेरी झालेलं, वाट त्यात बुडालेली. पुढच्याची फक्त टोपी दिसते. सोनकीची पिवळी फुलं अजून इथंतिथं होती. आणि कुसळं! मोज्यातून आत शिरतात, पाऊल टाकलं की टोचतात, काढायला बसलं की बोटात मोडतात. आत्ता हे लिहितानाही एक अंगठ्यात आहे.

पण तिथं तासभर जे पळणं झालं, ते मला आयुष्यात कधी जमलं नव्हतं. घड्याळात बघायचं सुचलं नाही. सोलापुरात मी दर किलोमीटरला मनगट बघतो, तुला माहितीच आहे.

आणि तिथंच माती खाल्ली. अंगात आलं, सगळ्यांच्या पुढं गेलो. पाणी एकच लिटर घेतलेलं. म्हटलं, मे महिन्यातलं सोलापूर सोसणाऱ्याला ऑक्टोबरचं ऊन काय करणार? डॉक्टर नंतर म्हणाला, गाढवा, धारेवर वारा घाम लगेच वाळवतो, किती पाणी गेलं ते कळतच नाही. खिंडीत डांबरी रस्ता आडवा येतो. तिथं एक मावशी ताक घेऊन बसली होती. "थांब की रे लेकरा," म्हणाली. मी हात हलवून पुढं.

बुधला माचीच्या अलीकडं शेवटचा चढ सुरू झाला आणि पोटऱ्यांत गोळे आले. दोन्ही पायांत, एकदम. कातळाला टेकून बसलो, तर तुझा आवाज कानात. पहिल्या कोजागरीला तुळजापूरच्या वाटेवर तू म्हणाला होतास, "हिप्परग्यापर्यंत पळशील बे, अन् तामलवाडीला बसशील." बसलो होतो की नाही? तशी ही माझी तामलवाडी, फक्त हजार मीटरच्या वर.

बाकीचे अर्ध्या तासानं आले, रमतगमत, ताक पिऊन. बारक्यानं बाटली दिली. तुझी धावायची पिशवी पाठीवर होती (विचारलं नव्हतं, आता सांगतो). आईनं दिलेल्या कडक भाकरीचा तीत नुसता चुरा झालेला, त्यात शेंगाचटणीची पुडी फुटलेली. चौघांनी बोटांनी तो लाल चुरा खाल्ला, पिशवीच्या शिवणीतला सुद्धा. मीठ, तिखट, शेंगा. दहा मिनिटांत पाय सुटले. त्यानंतर वेल्ह्यात उतरेपर्यंत मी सगळ्यांच्या मागं होतो, आणि मागून सगळं नीट दिसत होतं.

दुखणं खरं उतरण्याचं आहे, डॉक्टर म्हणतो. उतरताना मांडीचा स्नायू आवळलेला असतानाच ताणला जातो, सपाटीवर त्याला ती सवय लागत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त ठणकतं. म्हणजे आज.

तुझा गुडघा कसा आहे? खोटं लिहू नकोस. गड्ड्याच्या जत्रेला येशील ना, तेव्हा पिशवी घेऊन जा. दोनदा धुतली, चटणीचा वास काही जात नाही.

तुझाच,
उलट्या तोंडाचा