‘व्यायाम चालू ठेवा’ एवढ्याने भागत नाही

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या आरोग्य पुरवणीतला पक्षाघातावरचा लेख वाचला. पहिल्या काही तासांत रुग्णालय गाठणे किती मोलाचे असते, हे त्यात फार चांगले सांगितले आहे. पण रुग्णाला घरी सोडले, तिथे लेख संपला. आमची परीक्षा तिथून सुरू झाली होती, म्हणून हे पत्र.

तीन वर्षांपूर्वी माझ्या यजमानांना मेंदूच्या डाव्या बाजूला झटका आला. उजवा हात-पाय लुळा पडला, वाचा गेली. अकराव्या दिवशी घरी सोडले. डिस्चार्ज कार्डावर सहा औषधे वेळेसकट लिहिलेली होती आणि अगदी तळाशी ‘व्यायाम चालू ठेवा’ असे तीन शब्द. कोणता व्यायाम, कोणाच्या देखरेखीखाली, कशासाठी, हे कोणी सांगितले नाही. विचारायचे असते हे आम्हालाही ठाऊक नव्हते.

पहिला आठवडा आम्ही त्यांना पलंगावरून उठवताना लुळ्या हाताला धरून ओढत होतो. खांदा इतका दुखू लागला की रात्रीची झोप उडाली. नंतर फिजिओथेरपिस्ट आल्या तेव्हा कळले, की स्नायूंतली ताकद गेली की खांद्याचा सांधा धरून ठेवणारे कोणी उरत नाही आणि ओढल्यावर तो जागचा सरकतो. त्यांनी पहिले दोन दिवस यजमानांना नाही, आम्हाला शिकवले. उठवायचे कसे, कुशीवर वळवायचे कसे, हाताखाली उशी कुठे द्यायची. हे अकराव्या दिवशी दहा मिनिटांत दाखवता आले असते.

पाणी पिताना त्यांना ठसका लागायचा. घाईत पितात म्हणून लागतो, अशी आमची समजूत. स्पीच थेरपिस्ट फक्त बोलायला शिकवतात असे मला वाटे. गिळण्याचा त्रासही तेच तपासतात, हे तेव्हा समजले. जीभ आणि घशाचे स्नायू दोन्ही कामांना लागतात. ते कमजोर असले की पाणी श्वासनलिकेत उतरते आणि त्यातून न्यूमोनिया होऊ शकतो. ताठ बसवून, लहान घोट, थोडे घट्ट केलेले पाणी, एवढ्यावर ठसका थांबला. हा बदल गोळीने झाला नव्हता.

बोलण्याचे मात्र सावकाश सांगायला हवे. यजमानांना सगळे समजत होते, पण तोंडून ‘नको’ एवढा एकच शब्द निघायचा. हवे असले तरी ‘नको’. पॉल ब्रोका या फ्रेंच डॉक्टरने 1861 मध्ये अशाच एका रुग्णाची नोंद केली, ज्याला ‘टॅन’ एवढाच उच्चार करता येई. मृत्यूनंतर त्याच्या मेंदूच्या डाव्या भागात इजा आढळली. या अवस्थेला वाचाघात म्हणतात. त्यात बुद्धी जात नाही, हे मला मोठ्या अक्षरांत लिहावेसे वाटते, कारण भेटायला येणारी माणसे त्यांच्यासमोरच त्यांच्याविषयी बोलत आणि ते ऐकत बसलेले असत.

थेरपिस्टनी एक दिवस त्यांना एक ते दहा मोजायला लावले. ते घडाघडा मोजले! नंतर नुसते ‘चार’ म्हणा म्हटले, तर जमेना. पाठ झालेले, सुरात बसलेले पुष्कळदा शाबूत राहते. याच आधारावर 1973 मध्ये बोस्टनच्या संशोधकांनी सुरावरून बोलण्याकडे नेणारी पद्धत मांडली. छोटे वाक्य दोन सुरांत म्हणायचे, डाव्या हाताने ठेका धरायचा आणि हळूहळू सूर सोडत न्यायचा. 2011 मध्ये गोळीबारात मेंदूला इजा झालेल्या अमेरिकेतील तत्कालीन लोकप्रतिनिधी गॅब्रिएल गिफर्ड्स यांनाही बोलणे परत मिळवताना संगीताची मदत झाली होती. आमच्याकडे ‘पाणी दे’ हे दोन शब्द बिनसुराचे यायला चार महिने लागले. ज्या दुपारी हे शब्द आले, त्या दुपारी मी पाणी द्यायचेच विसरले.

सर्वांत कमी माहिती आहे ती ऑक्युपेशनल थेरपीची, म्हणजे रोजची कामे पुन्हा स्वतः करायला शिकवणाऱ्या उपचाराची. 1917 मध्ये या क्षेत्राची पहिली संघटना अमेरिकेत क्लिफ्टन स्प्रिंग्ज इथे ज्यांच्या घरी स्थापन झाली, ते जॉर्ज बार्टन स्वतः डावे अंग लुळे पडल्याचा अनुभव घेतलेले वास्तुविशारद होते. आमच्याकडे आलेल्या थेरपिस्टनी हात हलतो का हे पाहण्याआधी यजमानांना विचारले, ‘तुम्हाला स्वतःला काय करता यायला हवं?’ त्यांनी गालावरून बोट फिरवले. दाढी! तीन महिने मी त्यांची दाढी करत होते, त्यांना त्याचे काय वाटत असेल हे मनात आले नव्हते. डाव्या हाताने दाढी करायला ते शिकले. सदरा घालताना लुळा हात आधी बाहीत, काढताना शेवटी, हा साधा नियमही तिथेच कळला.

वाचून-ऐकून मी काही हट्टही धरले. चांगला हात बांधून ठेवून दुबळ्या हाताला कामाला लावण्याची अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड टॉब यांची पद्धत आहे. 2006 मध्ये 222 रुग्णांवरील अभ्यासात दोन आठवड्यांच्या अशा सरावाचा फायदा दिसला होता. पण त्यासाठी मनगट आणि बोटे थोडी तरी हलावी लागतात. यजमानांची हलत नव्हती. थेरपिस्टनी सरळ ‘नाही’ सांगितले आणि त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. जास्त म्हणजे चांगले, असेही नसते. 2015 मध्ये दोन हजारांहून अधिक रुग्णांच्या अभ्यासात, पहिल्या 24 तासांतच सुरू करून वारंवार उठवण्या-चालवण्याने उलट कमी रुग्ण स्वावलंबी झाल्याचे आढळले. जाहिरातींतून ‘महिन्यात चालायला लावू’ म्हणणाऱ्यांपासून म्हणूनच सावध राहावे.

पाचव्या महिन्यात त्यांनी व्यायाम सोडला. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. मी त्यांना आळशी म्हणाले. हे लिहिताना आजही हात थांबतो. पक्षाघातानंतर साधारण तिघांपैकी एकाला नैराश्य येते, ते मेंदूतील इजेमुळेही असू शकते, हे मला मानसोपचारतज्ज्ञांनी सांगितले. औषध सुरू झाले. बोलता न येणाऱ्याशी संवाद साधायला समुपदेशकांनी चित्रे आणि हो-नाहीची कार्डे वापरली. त्यांनी मलाही वेगळे बसवले. ‘एक दिवस चुकला म्हणजे सगळे वाया गेले’ हा माझ्या मनातला विचार कागदावर लिहायला लावला आणि त्याला पुरावा काय, ते विचारले. विचार असा तपासून पाहण्याची पद्धत अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ ॲरन बेक यांनी 1960 च्या दशकात घडवली. मला त्या कागदाने तगवले.

यजमान आज काठीने चालतात, छोटी वाक्ये बोलतात. उजवा हात फारसा परतला नाही आणि परतेल असे कोणी आम्हाला खोटे सांगितलेले नाही. ‘सहा महिन्यांत येईल तेवढे येईल’ हे मात्र आम्ही अनेकांकडून ऐकले. सुरुवातीचे महिने वेगाचे असतात हे खरे, पण दुसऱ्या वर्षातही त्यांना नवे शब्द सापडत होते.

पुनर्वसनाचा उपयोग होऊ शकेल अशी 2.4 अब्ज माणसे जगात आहेत, असे जागतिक आरोग्य संघटना म्हणते. त्यातल्या कितीजणांच्या कार्डावर तळाशी तेच तीन शब्द असतील! रुग्णालयांना माझी विनंती आहे की औषधांच्या यादीसारखीच थेरपीची यादी कार्डावर लिहावी: कोणती, आठवड्यातून किती वेळा, कशासाठी, आणि घरच्यांनी काय करू नये. आणि आपल्याला विनंती की पुरवणीतल्या पुढच्या लेखात गिळण्याच्या त्रासाबद्दल दोन परिच्छेद जरूर द्यावेत. ठसक्याकडे दुर्लक्ष करणारे आम्ही एकटेच नसू.

कळावे,
आपली,
एक नियमित वाचक